मनगटापर्यंतच्या बाह्या

बाळांनो,

धाकट्या, विलायतेत वकिलीची परीक्षा पास झाल्याचं तुझं पत्र पोचलं. पणजोबांच्या वकिलीची एखादी गोष्ट लिही म्हणतोस. तुम्हा दोघांनाही एकच लिहिते. ती माहीत असलेली मी एकटीच उरले आहे, म्हणून आजच.

अमेरिकेत लढाई चालली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि अमरावतीचा कापूस सोन्याच्या मोलाचा झाला होता. मी आठ वर्षांची होते. शेजारच्या कास्तकाराने त्या पैशात घोडा घेतला आणि दारू वाढवली. बायकोला मात्र कापूस महाग होण्याआधीपासूनच तो मारत असे. ती अकोल्याच्या जुन्या शहरातली, माझ्या आईहून बरीच लहान.

हातांवरचे वळ झाकावेत म्हणून आई तिला मनगटापर्यंत बाह्यांच्या चोळ्या शिवून देई. शिंपी विचारील, म्हणून घरीच. तशा बाह्या तेव्हा कोणी घालत नसे. विहिरीवर बायका तिला ‘या मडमबाई’ म्हणत, तीही हसे. आपण तिची अब्रू राखतो आहोत असं आईला वाटे. सुईत दोरा ओवायचं काम माझं.

एका दुपारी तिने झोपलेल्या नवऱ्याच्या डोक्यात सरकी काढायच्या रेच्याचा लोखंडी दांडा घातला. संध्याकाळपर्यंत तो गेला.

माझ्या वडिलांनी, म्हणजे तुमच्या पणजोबांनी, तिचं वकीलपत्र घेतलं. एकाएकी कोणी डिवचलं आणि भान सुटून हात उठला, तर नव्या कायद्यात शिक्षा कमी होती. पण झोपलेला माणूस काय डिवचणार? सहा वर्षांचा मार निदान न्याय करणाऱ्या गोऱ्या साहेबापुढे आला तर फाशी टळेल, असं वडील म्हणत. शेजारच्या पुरुषांनी शपथेवर सांगितलं, तिच्या अंगावर आम्ही कधी काही पाहिलं नाही. ते खोटं बोलत नव्हते.

त्या दिवशी वाढताना आई म्हणाली, “मले न्या कचेरीत. मी पाह्यलं हाये.”

वडील भात कालवत म्हणाले, “वकिलाची बायको साक्षीले उभी राह्यली, तं उद्या या घरात कोन पाय ठेवीन?”

आईने पुन्हा विचारलं नाही. मीही पाहिलं होतं. मला कोणी विचारलंच नाही.

झोपेत का मारलंस, असं साहेबाने तिला विचारलं. तिचं उत्तर वडिलांनी घरी आईला सांगितलं: “ते झोपले होते म्हनून हात उचलता आला, साहेब. जागे असते तं उचलू देला असता काय?”

त्या उत्तराने फाशी तेवढी टळली. जन्मभर काळं पाणी झालं. अकोल्याहून तिची आई आली, ती कचेरीच्या भिंतीशी दोन दिवस बसून परत गेली.

पुढे वडिलांनी मला इंग्रजी शिकवलं. म्हातारपणी ते माझ्याकडून डिवचण्याचं तेच कलम मोठ्याने वाचून घेत, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. आई तेव्हा उठून आत जाई.

काळ्या पाण्यावरून तिची काही खबर कधी आली नाही. त्या दुपारी आई तिच्यासाठी शिवत होती ती निळी चोळी माझ्या पेटीत आहे. एक बाही जोडलेली आहे, दुसरी सुटी आहे.