परतसांग आणि घडीची खुर्ची

अंधेरी स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात परतसांग चहा मागवायला लागला की वेटर एकमेकांना पुढे ढकलायचे.

"दोन चहा, एक बिनसाखरेचा. काय आणशील? परत सांग."

"दोन चहा."

"आणि?"

"एक बिनसाखर, साहेब."

"बरोबर."

हे 'बरोबर' मिळाल्याशिवाय वेटरची सुटका नसे. विमानतळावरच्या टॉवरने सांगितलेली उंची वैमानिक शब्दन् शब्द परत म्हणून दाखवतो. चुकली तर टॉवर तिथल्या तिथे पकडतो, नाहीतर 'बरोबर' म्हणतो. आमचा हा कोपायलट तीच शिस्त घेऊन जमिनीवरही हिंडायचा. म्हणून आम्ही हवाई सुंदऱ्यांनी त्याचं नाव परतसांग ठेवलं. ठेवणारी मीच. तेव्हा मला माझ्या विनोदबुद्धीचा फार अभिमान होता.

अभिमान तसा सगळ्याचाच होता. तेविसावं वर्ष, अंबाड्यात पाव किलो पिना आणि अक्कल त्याहून थोडी कमी. घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांसमोर कंपनीची गाडी आली की मी मुद्दाम पाच मिनिटं उशिरा खाली उतरायचे. सगळ्या बिऱ्हाडांनी बघायला हवं ना! परतसांग मनोरीचा कोळी, आईने मासळी विकून शिकवलेला. त्याने डब्यात सुके बोंबील आणले की मी नाकाला सेंटचा रुमाल लावायचे. आमच्या घरी दर रविवारी तेच शिजायचे, हे कशाला कुणाला सांगू? एकदा तो म्हणाला, "रुमाल काढ गं. तुझ्या केसांना सकाळच्या फोडणीचा वास येतोय." आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

त्याचं एक म्हणणं होतं, की चूक सगळेच करतात, पण विमान पडतं ते शेजारचा गप्प बसल्यामुळे. "आमच्या होडीवर बापच तांडेल, होडीचा कप्तान. त्याच्यासमोर आवाज काढायची कुणाची टाप नाही. पण पाण्याखाली खडक दिसला की पोरगंसुद्धा बोंबलतं, आणि त्याला कुणी उद्धट म्हणत नाही. इथं मात्र 'सर, सर' करताना मान इतकी खाली जाते की समोरच्या घड्याळांचे काटे दिसत नाहीत."

आमचे तांडेल म्हणजे बडेसाहेब. रुबाबदार कॅप्टन, सगळी कंपनी त्यांना वचकून. त्यांची एक खोड होती. मर्जीतल्या मुलींना ते लँडिंग बघायला कॉकपिटमध्ये बोलवायचे. वैमानिकांच्या पाठीमागे एक घडीची खुर्ची असायची, तिच्यावर बसवायचे. नियमात बसत नव्हतं, पण त्या खुर्चीवर बसलेली मुलगी पुढे महिनाभर इतरांशी वरच्या पट्टीत बोलायची. माझा नंबर लागला तेव्हा मी लिपस्टिक दोनदा लावली. धावपट्टी मला बघणार होती जणू!

धावपट्टी ओली होती. परतसांग म्हणाला, "सर, वेग जास्त आहे, उंचीही जास्त. परत वर घेऊ या." बडेसाहेब हसले. म्हणाले, "तू आकडे वाच." तो पुन्हा म्हणाला, या वेळी मोठ्याने, "सर, उतरू नका. वर घ्या." "विमान कोण चालवतंय?" असं त्यांनी विचारलं, तेवढ्यात दिवे अंगावर धावून आले आणि मी डोळे मिटून घेतले. डोळ्यांबरोबर कानही मिटतात अशी माझी समजूत असावी.

विमान धावपट्टी संपवून चिखलात गेलं. सगळे वाचले. एका आजीबाईंचा खुबा मोडला.

चौकशी बसली. बडेसाहेबांनी सांगितलं, "शेजाऱ्याने तोंडच उघडलं नाही." कॉकपिटमधल्या बोलण्याची टेप नेमकी त्या दिवशी कोरी निघाली. खरं काय ते सांगायला उरले दोन कान, आणि ते माझे. व्हरांड्यात बडेसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बेटा, तू तो अंदर थी ही नहीं. है ना?" आत होते म्हटलं तर माझी नोकरी जाणार होती.

आदल्या दिवशी परतसांग भेटला होता. "मी तुझं नाव घेणार नाही. ज्याने ऐकलं त्यानेच सांगायचं असतं."

मी नवी साडी नेसून आत गेले आणि म्हणाले, "मी केबिनमध्ये होते." तो समोरच बसला होता. वेटरकडे बघायचा तसा माझ्याकडे बघत राहिला. पुढचं वाक्य यायचंय, अशा नजरेने.

तो पुन्हा कधी उडाला नाही. कंपनीने त्याला अंधेरीच्या एका वर्गात खडू देऊन बसवलं, सुरक्षा शिकवायला! काही वर्षांनी सक्तीच्या प्रशिक्षणाला मी त्याच वर्गात, दुसऱ्या बाकावर. त्याने विचारलं, "कॅप्टन चुकतोय असं दिसलं तर काय करशील?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं, "स्पष्ट सांगेन. ऐकलं नाही तर पुन्हा सांगेन."

"परत सांग."

सांगितलं. मी 'बरोबर'ची वाट बघत उभी. तो पुढच्या मुलीकडे वळला.

नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली, तेव्हा कुठे मला शौर्य सुचलं. मार्व्याहून तरीने खाडी ओलांडून मनोरीला गेले. तो ओट्यावर बसला होता, गुडघ्यांवर शाल. बायकोने विचारलं, "कोण हाय?" तो म्हणाला, "कंपनीतली." नाव घेतलं नाही.

मी बसलेही नाही. "त्या दिवशी मी आत होते. तुम्ही बडेसाहेबांना दोनदा सांगितलंत. मी ऐकलं."

"तीनदा," तो म्हणाला. "परत सांग."

आजी झालेली बाई मी, त्या ओट्यासमोर परीक्षेला उभी राहिले. "मी आत होते. तुम्ही तीनदा सांगितलंत. मी ऐकलं."

"बरोबर."

बायकोने चहा आणला. तो घोटभर प्यायला आणि खाडीकडे बघत बसला. मी शेवटच्या तरीने परतले. पुढच्या वर्षी तो गेला.

नातवंडांना वाटतं आजीला माफी मिळाली. मी त्यांना तसंच वाटू देते. पण परतसांगच्या भाषेत 'बरोबर' म्हणजे निरोप पोचला, एवढंच.