लाल फडक्यातली डिस्क

चहा घ्या, पण हसू आलं तर आधी कप खाली ठेवा. मागच्या खेपेला हा किस्सा सांगितला तेव्हा मेव्हण्यानं माझा पांढरा शर्ट रंगवला होता. आणि खरंखोटं करायला आमच्या हिच्याकडे जाऊ नका, ती मीठमसाला लावून सांगते. वास्तविक मसाल्याची गरजच नाही, इतका अस्सल गाढवपणा मी केलाय!

आधी माझा स्वभाव सांगतो. मी जपून वागणारा माणूस. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो, जिना उतरतो, आणि परत वर चढून चौथ्यांदा ओढतो. पाऊस संपला तरी माझ्या स्कूटरच्या डिकीत दिवाळीपर्यंत रेनकोट असतो. सातपूरला पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात मी कागदपत्रं सांभाळतो. आता अशा माणसाकडे ऑफिसचे मेल जपायचं काम येणार नाही, तर कुणाकडे येणार?

झालं असं, की दसऱ्याच्या आधी आमचा मेलबॉक्स तुडुंब भरला. गिऱ्हाइकांचे मेल परत जायला लागले. साहेबांनी मला बोलावलं.

"भामरे, जुने मेल सगळे काढून एका फाइलमध्ये घाला आणि मेलबॉक्स मोकळा करा. पण एकही मेल हरवता कामा नये. दसऱ्यानंतर गिऱ्हाइकाचे लोक ऑडिटला येतायत."

"साहेब, माझ्याकडून आजवर टाचणी हरवलेली नाही!"

मी बाहेर आलो तर दारात गांगुर्डे उभा. हा आमचा मशीन शॉपचा सुपरवायझर, कामाला वाघ, पण त्या दिवशी तोंड एवढंसं झालेलं. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकानं मेल पाठवून पंपाच्या झाकणाचं भोक थोडं मोठं करायला सांगितलं होतं. यानं केलं. आता तिथं नवीन अधिकारी आलेला, तो म्हणतो, आम्ही असं कधी सांगितलंच नाही, तुमच्या माणसानं माल बिघडवला.

"काका, तो एक मेल तेवढा सांभाळा. तो गेला तर माझी नोकरी गेली समजा. पोरीला आत्ताच कॉलेजला घातलंय हो."

मी छातीवर हात मारला. "गांगुर्डे, मेल माझ्याकडे आहे ना? मग तू निवांत झोप!"

हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या तर ते चांगलंच लक्षात राहिलंय.

दोन दिवस बसून मी आठ वर्षांचे मेल एका फाइलमध्ये भरले. मेलबॉक्स रिकामा केला. मग कोरी करकरीत हार्ड डिस्क आणली, कॉम्प्युटरला लावली, पडद्यावरचं फाइलचं चित्र उचललं आणि डिस्कवर चिकटवलं. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच काम फत्ते! आठ वर्षांचे मेल, एका क्षणात!

शेजारच्या टेबलावरची अर्चना म्हणाली, "काका, इतक्या लवकर कसं झालं? एकदा उघडून बघा ना."

"अगं, डिस्क नवी आहे. नव्या गाडीला काय धक्का मारून बघतात?"

तेवढ्यात कॉम्प्युटरवाला आला. माझा जुना कॉम्प्युटर फारच रखडायचा, तो साफ पुसून द्यायचा होता. तो बिचारा म्हणाला, "साहेब, आतलं सगळं जाईल हां. चालेल ना?" मी म्हटलं, "बिनधास्त पुसा! माझ्याकडे डिस्क आहे."

आता ती डिस्क ठेवायची कुठं? कपाटाला उंदीर, टेबलाला धूळ. मी ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, वरून लाल फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. कारखान्यात मशिनींची पूजा. लेथला झेंडूच्या माळा, पाटावर नटबोल्टचे पाने, हातोड्या, मापाचं व्हर्नियर. म्हटलं, कामगारांची हत्यारं पूजतात, मग आमच्या कारकुनांचं हत्यार काय पाप करून आलंय? ठेवली डिस्क पाटावर. हळदकुंकू वाहिलं, दोन फुलं ठेवली. साहेब म्हणाले, "वा भामरे, विचार चांगला आहे." मी कृतकृत्य झालो.

सुट्टी संपवून आलो तर फुलं पार सुकलेली. सफाईच्या सिंधूमावशींना मी सांगितलं, हत्यारं जागेवर लावा आणि बाकीचं निर्माल्य गोळा करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑडिटचे लोक आले. साहेब म्हणाले, "भामरे, तो गांगुर्डेचा मेल काढून ठेवा." मी पाटाकडे गेलो. पाट धुऊन भिंतीला टेकवलेला!

"मावशी! इथं लाल फडक्यात काहीतरी होतं!"

"व्हतं ना. मला वाटलं नारळाचं फडकं हाय. टाकलं निर्माल्यात."

"आणि निर्माल्य?"

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. "अवो, पिशवी तर काल तुमीच गाडीला लावून नेली!"

अरे देवा! खरंच की! मावशींना लांब पडेल म्हणून घरी जाता जाता मीच नदीकाठच्या निर्माल्य कुंडीत पिशवी टाकली होती. वर चप्पल काढून, हात जोडून नमस्कारसुद्धा केला होता!

मी मावशींना स्कूटरवर मागे बसवलं, कारण पिशवी ओळखणार कोण? साठीच्या मावशी आयुष्यात पहिल्यांदा स्कूटरवर बसल्या असाव्यात. सगळ्या रस्ताभर माझी कॉलर धरून, "हळू रं बाबा, हळू रं बाबा!" तिकडे पोचतो तर नेमकी घंटागाडी उभी, आणि माणूस फावडं घेऊन कुंडीपाशी!

"थांबा! आमचे आठ वर्षांचे मेल आहेत त्यात!"

त्या माणसानं मावशींकडे बघितलं. मावशींनी हळूच डोक्याकडे बोट नेलं. दिसलं मला ते.

फोन कुंडीत पडू नये म्हणून डिकीत कुलूपबंद केला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरलो. दसऱ्यानंतरची कुंडी म्हणजे काय, कमरेएवढा झेंडू! फुलं वाहायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, "काका, इथं टाकायचं असतं, काढायचं नसतं." मी फुलं उपसत राहिलो. डोळ्यांपुढे गांगुर्डेचं तोंड. त्याची पोरगी कॉलेज सोडून घरी बसलीय, इथपर्यंत माझ्या मनानं मजल मारली होती. तासाभरानं मावशी ओरडल्या, "घावली!" मी लाल फडकं कपाळाला लावलं.

अंगभर पाकळ्या घेऊन ऑफिसात शिरलो. अर्चनानं डिस्क लावली. लागली! आत ओलावासुद्धा नव्हता. म्हटलं, बघा, प्लॅस्टिक कुणी गुंडाळलं होतं? अर्चनानं फाइल उघडली, परत उघडली, आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"काका, यात मेल नाहीत. हा शॉर्टकट आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही घराच्या दारावरची पाटी तेवढी उचलून आणलीत. घर जुन्या कॉम्प्युटरमध्येच राहिलं."

"मग तिथून आण ना घर!"

"ते तुम्हीच पाडायला सांगितलंत काका. बिनधास्त."

एका माणसाची नोकरी मी स्वतःच्या हातानं पुसली होती, आणि वर तिची पूजा केली होती. तसाच मशीन शॉपमध्ये गेलो. गांगुर्डे डबा खात होता.

"गांगुर्डे, मला माफ कर. तुझा मेल गेला रे."

"कुठं गेला? दिला की सकाळीच साहेबांना! प्रिंट होती माझ्याकडे. गिऱ्हाइकाच्या लोकांनी तारीख बघून त्यांच्याकडचा मेलपण काढला. मिटलं सगळं. तुम्हाला चार फोन केले काका, उचललाच नाही."

डिकीत कुलूपबंद असलेला फोन कोण उचलणार? मी मटकन त्याच्या स्टुलावर बसलो. इतका आनंद झाला, की त्याच्या डब्यातली अर्धी भाकरी मीच खाल्ली. मग सहज विचारलं, "पण शहाण्या, तू प्रिंट काढलीस कधी?"

गांगुर्डे जरा लाजला. "राग नका मानू काका. तुम्ही छातीवर हात मारून 'निवांत झोप' म्हणालात ना, तेव्हाच."

बाकीचे मेल? पुढचे दोन महिने मी गिऱ्हाइकांना फोन करकरून ते परत मागवत होतो. आणि तेव्हापासून आमच्या ऑफिसात एक रीतच पडलीय. मी कुणालाही "काळजी करू नका, मी आहे ना" असं म्हटलं, की माझ्या पाठीमागे प्रिंटर सुरू होतो.