ढिगातला आवाज

जुन्या पेटीच्या तळाशी अंथरलेला वर्तमानपत्राचा तुकडा काल जावईबापूंनी मला वाचून दाखवला. अमरावतीच्या कापूस बाजारात ढीग कोसळून दोन मजूर बाया गुदमरून मेल्या, असं त्यात होतं. मला चाळीस वर्षं एकच ठाऊक होती.

तेव्हा विलायतेत कापसाला सोन्याचा भाव आला होता. आमच्या वखारीत रोज नव्या बाया कामाला येत. कोण कुठली, कोणी विचारत नसे. त्या दुपारी छपरापर्यंत रचलेला ढीग घसरला आणि माझी मैत्रीण सखू त्याखाली गेली. आतून बारीक हाक येत होती, "मले काढा वो." ती सखूचीच समजून आम्ही दोन्ही हातांनी कापूस उपसत राहिलो. सखू सापडली तेव्हा तिच्या नाकातोंडात कापूस होता आणि श्वास थांबलेला होता. आम्ही तिला गोणपाटावर निजवलं.

तेवढ्यात ढिगातून पुन्हा हाक आली, "मले काढा वो."

सगळ्या बाया सखूच्या तोंडाकडे पाहू लागल्या. "भूत होय हे. पया इथून," मुकादम म्हणाला.

सगळ्यांत आधी मी पळाले, ती थेट माझ्या गावी. पुन्हा त्या बाजारात कधी गेले नाही. वखारीचं दार ओलांडेपर्यंत ती हाक माझ्या कानावर येत होती.