आ-लुंगची सकाळची खुर्ची

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी डॉ. को लिएन-जू देवळाच्या पटांगणात घडीचं टेबल मांडून आ-चुन आजींच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत होत्या. तैवानमधल्या युनलिनच्या किनाऱ्यावरच्या या गावात दर मंगळवारी हे असंच चालतं.

"पुन्हा खारवलेला मुळा खाल्लात."

"एवढासा. नुसती पेज घशाखाली कशी उतरवायची, तूच सांग."

"आजी, मूत्रपिंडं गेली, जीभ तेवढी शाबूत राहिलीय."

"मग तिचे तरी लाड करू दे."

आ-चुन आजी आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. तिथल्या त्यांच्या रांगेतल्या बहुतेक बायका एकाच माणसाच्या श्रोत्या होत्या.

तो आ-लुंग. रेडिओवर जुनी गाणी लावायचा, फोन करणाऱ्या प्रत्येक म्हातारीला "आई" म्हणायचा आणि मध्येच गुडघेदुखीच्या गोळ्या विकायचा. विश्वास बसावा म्हणून रोज माइकसमोर स्वतः एक गोळी घ्यायचा. पाण्याचा घोट गिळल्याचा आवाज घराघरांत ऐकू यायचा.

डॉ. को तेव्हा तैपेईत उंदरांवर काम करत होत्या. मिठाने दाब कसा वाढतो आणि दाबाने मूत्रपिंड कसं झिजतं, हा त्यांचा विषय. गावात त्यांची आई त्याच गोळ्या खात होती. लेकीला कळलं तेव्हा आईच्या पायांवर सूज होती आणि इलाज उरला नव्हता. अंत्यविधीला दाराशी, श्रद्धांजली म्हणून पाठवतात तसा डबाबंद फळांचा उंच मनोरा उभा होता. वर मोठ्या अक्षरांत नाव: आ-लुंग.

त्याच वर्षी त्या तैपेई सोडून गावी आल्या. सहकाऱ्यांनी कौतुक केलं, सेवा म्हणाले.

"सेवा कसली?" त्या म्हणतात. "मला तो माणूस हवा होता."

गोळ्या खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या बायकांचे दाब आणि रक्ततपासण्या त्या वर्षानुवर्षं ताडून पाहत राहिल्या. तपासायला गोळी मात्र कोणी देईना. "डॉक्टरीणबाई तुझ्या वाईटावर आहे रे," असं एकीने थेट कार्यक्रमात फोन करून सांगितलं. शेवटी आ-चुन आजींची स्वतःची मूत्रपिंडं गेली, तेव्हा त्यांनी उशीखालची बाटली काढून दिली. आत जहाल वेदनाशामक आणि स्टेरॉइड निघालं. शोधनिबंध छापून आला, खटला उभा राहिला. आ-लुंग न्यायाधीशांपुढे रडला, शिक्षा स्थगित झाली, तो घरी गेला.

या मंगळवारी तो टेबलासमोर येऊन उभा राहिला. चेहरा सुजलेला. स्वतःच्या गोळ्यांनी त्याचंही तेच केलं होतं. डायलिसिससाठी डाव्या हातात नस जोडून झाली होती, कागद डॉक्टरांच्या डायलिसिस केंद्राकडे आले होते. ते केंद्र त्याच चालवतात.

"डॉक्टरीणबाई, मला सकाळची पाळी लागलीय."

"हो. मीच लावली."

"त्या पाळीत सगळ्या त्याच आहेत हो. चार-चार तास त्यांच्यासमोर... संध्याकाळी जागा नाही का?"

"आहे. दोन खुर्च्या रिकाम्या आहेत."

"मग?"

"तुम्हाला सकाळची मिळेल. नको असेल तर चियायीला जा."

"एवढ्या लांब आठवड्यातून तीनदा मला कोण नेणार? मला मारायचंय का तुम्हाला?"

"छे. उत्तम उपचार करीन. दाब ताब्यात ठेवीन, मीठ तोडीन. तुम्ही खूप वर्षं जगायला हवं. हात पुढे करा."

त्याने हात पुढे केला. दाब फार चढलेला होता. डॉक्टरांनी औषध वाढवून दिलं, कसं घ्यायचं ते दोनदा समजावलं आणि आवाज जराही चढवला नाही.

आ-चुन आजी बाकावरून सगळं ऐकत होत्या. "येऊ दे की त्याला," त्या म्हणाल्या. "माझ्याच शेजारी बसव. विचारते, मी तुझी कितव्या नंबरची आई रे? आणि गाणंही म्हणायला लावते. सुई टोचल्यावर."

आ-लुंगने बाही खाली केली आणि फाटकाकडे निघाला. डॉक्टरांनी पुढच्या बाईला हाक मारली.

उद्या बुधवार. पहिली पाळी सात वाजता सुरू होते. खिडकीजवळची चौथी खुर्ची आ-चुन आजींची, पाचवी आ-लुंगची.