होन्याचं देवाशी भांडण

"पुस्तक मिटी टाक, पाळक."

होन्या हे इतकं हळू म्हणाला की मी पुढची ओळही वाचून टाकली. मग त्याने स्वतःच हात पुढे करून माझं बायबल मिटलं. आमच्यासमोर त्याच्या चार वर्षांच्या पोरीची नुकतीच बुजवलेली कबर होती. गोवर अंगात उलटला होता. खाटेवर घालून तिला चिंचपाड्याच्या दवाखान्याकडे नेत होते, ते अर्ध्या वाटेवरून परत आले.

मी तेविसावं स्तोत्र वाचत होतो. देव मेंढपाळासारखा आपल्याला सांभाळतो, असं सांगणारं. लग्न असो, आजार असो, मयत असो, मी तेच वाचायचो. सोपं होतं आणि पाठ होतं.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी नगरकडचा, बायबल कॉलेजातून नवाच बाहेर पडलेला. खांडबाऱ्याजवळच्या एका पाड्यावर पाळक म्हणून माझी नेमणूक झाली. पाळक म्हणजे पास्टर. मंडळी म्हणजे चर्चला येणारी माणसं, आमचा कळप. त्यात नवे शिष्य तयार करायचे आणि बाप्तिस्म्यापर्यंत आणायचे, हे माझं काम. घरात ही माणसं आपली बोली बोलायची, माझ्याशी बाजारातली अहिराणी. मी बोलायचो पुस्तकातली मराठी आणि समजायचो की सगळं कळतंय.

पहिल्याच रविवारी "परमेश्वर माझा मेंढपाळ" यावर मी तासभर बोललो. शेवटी एका म्हाताऱ्याने विचारलं, "पाळकसाहेब, मंग आते रातले वावरमा जागानं का?" इथे मेंढपाळ म्हणजे हिवाळ्यात मेंढरं घेऊन येणारे ठेलारी. ते आले की लोक काठ्या घेऊन शेतात जागायचे. तासभर मी देवाला लोकांची पिकं मेंढरांना चारणारा ठरवत होतो!

मग मला अक्कल सुचली. मेंढपाळाच्या जागी मी 'गुराखी' घातला. गावाची गुरं सकाळी रानात नेणारा, संध्याकाळी ज्याची त्याच्या दारात आणून सोडणारा. माना डोलू लागल्या. माझी ही हुशारी मी मिशनच्या सुपरिंटेंडेंट साहेबांना रिपोर्टमध्ये कळवली. होन्याची पोर तापली तेव्हाही मीच छाती पुढे काढून सांगून आलो, "घाबरू नको. आपला गुराखी एकही जनावर हरवत नाही."

कबरीपाशी होन्याने तोच गुराखी माझ्यापुढे उभा केला.

"गुराखी ढोर गमाडस, वाघ खाई जास, तं तो कान लई येस. मालकना आंगनमा बठस. शिव्या खास. तुन्हा गुराखी उना का?"

वाघाने नेलेल्या जनावराचा कान आणून दाखवला म्हणजे गुराख्याने ते विकलं नाही, याचा पुरावा. ही रीत मला ठाऊक नव्हती. माझा गुराखी तसा दारात आला का, एवढंच तो विचारत होता. मी टोपी घातली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मी होन्याकडे गेलो. फार दुःखाने गेलो असं सांगायला आवडलं असतं. पण रविवारी सुपरिंटेंडेंट बाप्तिस्मे द्यायला येणार होते, आणि तयारीच्या वर्गातला माझा सगळ्यात तल्लख शिष्य हातचा जात होता. चार समजुतीची वचनं मी वाटेत घोकून ठेवली होती.

होन्याची बायको रुमा दारातच होती. "बठ," ती म्हणाली.

मी अंगणात, धुळीत बसलो. तिने मला शिव्या दिल्या. माझ्या देवाला दिल्या, माझ्या पुस्तकाला दिल्या. मध्येच थांबून म्हणाली, "आते काबरं गप शे? त्या दिन तं भलता बोलना व्हता!"

घोकलेलं एकही वचन आठवेना. ते बरंच झालं. ती थकेपर्यंत मी बसून राहिलो. होन्या भिंतीला टेकून बघत होता.

घरी येऊन स्तोत्रं पहिल्यापासून वाचायला घेतली. कॉलेजात आमच्या परीक्षेला गोड स्तोत्रंच असत. तक्रारीची इतकी आहेत, हे मला तेव्हा कळलं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. शेवटी आशेची ओळसुद्धा नाही. ते मी होन्याला माझ्या मोडक्या अहिराणीत वाचून दाखवलं.

त्याने पानावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "हाई कोनी लिखं?"

"देवाच्याच माणसाने."

"त्याले मंडळीमातून काढी टाकं नही?"

"नाही. त्याचं गाणं पुस्तकात ठेवलं."

रविवारी सुपरिंटेंडेंट आले. एकेकाला पुढे बोलावून त्यांनी प्रश्न विचारले. होन्याची पाळी आली.

"प्रभू तुझा मेंढपाळ आहे, यावर तुझा विश्वास आहे?"

"नही," होन्या म्हणाला. "मन्हं त्यान्हासंगे भांडन शे."

साहेब माझ्याकडे वळले. "काय म्हणतो हा?"

"त्याचं भांडण आहे, साहेब."

"कुणाशी?"

"परमेश्वराशी."

"मग इथे कशाला आलाय?"

होन्याला प्रश्न कळला होता. "भांडन करानं तं दारमाच येनं पडस," तो म्हणाला.

मी साहेबांना अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राबद्दल सांगू लागलो. त्यांनी हात वर केला. "पाळक, बाप्तिस्म्याला हो किंवा नाही लागतं. याचं भांडण मिटलं की कळवा." आणि त्यांनी पुढच्याला बोलावलं.

कळवण्याची वेळ आली नाही. होन्याने बाप्तिस्मा कधीच घेतला नाही. रुमा तर आमच्या देवळाची, म्हणजे चर्चची, पायरीही चढली नाही. माझी बदली होईपर्यंत होन्या मात्र दर रविवारी यायचा, दाराजवळ बसायचा आणि सुरुवातीलाच विचारायचा, "आज कोनतं शे? भांडननं का गोडनं?" गोड असलं की उठून सरळ चालू लागायचा. त्याच्यामागे आणखी दोघं-तिघं उठत. त्यांच्याही घरातली पोरं गेलेली होती.

मी होन्याला शिष्य केलं, असं मला म्हणवत नाही. पण तेव्हापासून गोड स्तोत्र असलं की मी प्रवचन दहा मिनिटांत आटोपतो. आजवर कोणी तक्रार केलेली नाही.