अमेरिकेचा कर आणि आमच्या पिशव्या

माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली, मग सहीपुरताच पेन हातात आला. ही पानं कोणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

लिहायचं आहे ते आमच्या बचत गटाच्या अध्यक्षबाईंबद्दल. गाव त्यांना ताई म्हणतं. आमचं गाव दारव्ह्याच्या अलीकडे. ताई बौद्ध वस्तीतल्या, मी पाटीलपुऱ्यातली. गटाची बैठक विहारात भरते. सुरुवातीला सासूबाई म्हणायच्या, "तिथी कायले जातं? आपल्याकडं मंदिर नाई काय?" पण मंदिराच्या सभागृहात खुर्च्या होत्या आणि त्यांवर कोण बसणार हे ठरलेलं असायचं. ताईंनी पहिल्याच दिवशी नियम केला, बैठकीत खुर्ची नाही. सरपंच येवो की बँकेचे साहेब, सगळ्यांनी सतरंजीवर बसायचं. जी शेवटी येईल तिनं उठताना सतरंजी झटकायची. उशीर झाला की ताईही झटकत.

गटानं बँकेचं कर्ज काढून मोटारीच्या शिलाई मशीन घेतल्या होत्या. लोहाऱ्याच्या एका कारखान्यातून कापलेलं कापड यायचं, आम्ही पिशव्या शिवून द्यायचो, त्या अमेरिकेला जायच्या. मजुरीतून हप्ता जायचा. हप्ता थकला तर मशीन जातील आणि आमच्या गटाला पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

ताई मुलीच्या बाळंतपणाला ढाणकीला गेल्या होत्या तेव्हाची गोष्ट. टेम्पो आला, पण नवं कापड नव्हतं. आम्हीच शिवलेले गठ्ठे परत आले होते. ड्रायव्हर एवढंच म्हणाला, "माल घेत नाई म्हणे तिकडचा व्यापारी." आणि गेला.

आम्ही गठ्ठ्यांकडे बघत राहिलो. मला वाटलं, माझ्याच टाक्यांमुळे. पिशवीचे बंद जोडताना माझी शिवण कधी कधी सरकते. दुसरीला वाटलं तिच्यामुळे. कोणी कोणाला दोष दिला नाही, प्रत्येकीनं गुपचूप तो स्वतःवर घेतला. मग आम्ही काय करावं? ब्लेड घेऊन बसलो आणि सगळ्या पिशव्यांची शिवण उसवून पुन्हा घालायला लागलो.

ताई परतल्या तेव्हा विहारात दोऱ्यांचा ढीग होता.

"हे काय करून राह्यल्या वो?"

"शिलाई खराब निंघाली ताई."

"कोणं सांगतलं?"

एकेकीनं ब्लेड खाली ठेवलं. मग एक म्हातारी म्हणाली, "सांगतलं तं कोणंच नाई."

ताई कपाळावर हात मारून हसायला लागल्या. "माय वो! जगात कुठी काई बिघडलं का आपलीच सुई वाकडी! उद्या लढाई झाली तं म्हणसान, आमच्या पोया करपल्या म्हणून झाली." आम्हीही हसलो, पण मला रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन लोहाऱ्याला गेल्या. मी म्हटलं, मला बोलता येत नाही. "म्हणूनच चाल," त्या म्हणाल्या. "मी बोलन, तू ध्यान देऊन आयक. मले रागात काई आयकू येत नाई."

कारखान्याचे मॅनेजर सभ्य होते. त्यांनी सांगितलं की अमेरिकेच्या सरकारनं आपल्या देशाच्या मालावर मोठा कर बसवला आहे. तिथला व्यापारी आता दुसऱ्या देशातून पिशव्या घेतो. कारखान्याचंही गोदाम भरलं होतं, म्हणून आमचे गठ्ठे परत धाडले.

"आमच्या शिलाईत खोट हाये?" ताईंनी विचारलं.

"नाही हो, बिलकूल नाही."

मला एकदम हलकं वाटलं. पण ताई उठल्या नाहीत.

"मंग मजुरी?"

"तिकडून पैसे आले की देतो, ताई."

"साहेब, कर अमेरिकेनं लावला, आमी नाई लावला. मजुरी शिवल्याची असते, इकल्याची नसते."

बराच वेळ गेला. पैसे नाहीतच असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले, आणि ते खोटं वाटत नव्हतं. शेवटी मजुरीच्या बदल्यात परत आलेल्या पिशव्या आम्हीच ठेवायच्या असं ठरलं. येताना मी जीपमध्ये विचार करत होते, एवढ्या लांबच्या माणसानं एक सही करायची आणि आम्ही इथे ब्लेड घेऊन बसायचं. ताईंना हे आधीच कसं कळलं होतं कोण जाणे. त्या मोबाइलवर बातम्या ऐकत भाकरी थापतात, एवढंच मी पाहिलं आहे.

पिशव्यांवर बर्फाचा माणूस छापलेला होता, गळ्यात लाल मफलर. उसवलेल्या पुन्हा शिवून आम्ही सगळ्या दारव्ह्याच्या बाजारात मांडल्या, तेव्हा बाया विचारत, "हा कापसाचा बाहुला हाये काय वो?" ताई म्हणत, "कापसाचाच! पाहा ना वो, बोंडासारखा फुगला हाये." लोक हसत आणि घेत. पण मजुरीएवढे पैसे काही सुटले नाहीत आणि एक हप्ता मागे पडला.

नेमक्या तेव्हाच निवडणुका आल्या. एक उमेदवार माणसं घेऊन विहारात आला. खुर्ची शोधली, मिळाली नाही, पांढऱ्या कपड्यांनिशी सतरंजीवर बसला. म्हणाला, गटाचे उरलेले सगळे हप्ते मी भरतो. माझ्या मनात आलं, देवच पावला.

ताई म्हणाल्या, "भाऊ, हप्ते तुमी भरले तं मशीन कोणाच्या?"

"तुमच्याच ना, ताई."

"अन् सभेले बाया कोणाच्या?"

तो हसला. "बोलावल्यावर तर याल ना. घरचेच आहोत आपण."

ताईंनी आमच्याकडे वळून एकेकीला तोंडानं सांगायला लावलं, घ्यायचं की नाही. काही घ्या म्हणाल्या. माझी पाळी आली. "नको," मी म्हटलं. बैठकीत मी बोललेला तो पहिला शब्द. नको म्हणणाऱ्या जास्त निघाल्या. एक बाई मात्र चिडून गट सोडून गेली. तिच्या घरी आजारपण होतं. ताई तिला बाजारात दिसेल तिथे टोमणे मारत, ते मला आवडलं नाही. गरजेपुढे ती चुकली असं मला आजही म्हणवत नाही.

नंतर ढाणकीच्या एका व्यापाऱ्याला हळद भरायला लहान पिशव्या हव्या होत्या. ताईंच्या जावयानं शब्द टाकला. मग शाळेची दप्तरं मिळाली, मग दुकानांच्या पिशव्या. मजुरी अमेरिकेपेक्षा कमी, पण दर आठवड्याला हातात. मागे पडलेला हप्ता भरला, पुढचे वेळेवर गेले.

परवा आम्ही सगळ्या बँकेत गेलो. ताईंनी पैसे माझ्या हातात दिले आणि खिडकीपुढे मला ढकललं. कॅशियरनं नोटा मोजल्या, पावतीवर शिक्का मारला आणि म्हणाला, "बाई, गटाकडे आता काहीच बाकी नाही. सगळं फिटलं."