नावेतला लाल सिलिंडर

पोरगा आणि सून आमच्या गावच्या धरणात मासे धरतात. वल्हं मारून मारून खांदे गेले, म्हणून पोरानं नावेला पेट्रोलचं इंजिन बसवलं. त्या दिवसापासून माझा जीव पाण्याकडंच. दोघं एकाच नावेत, अन् सुनेला पोहता येत नाही. मीच म्हटलं, आग विझवायचा सिलिंडर घे.

"चारी बाजूनं पाणीच हाय ना, मा. सिलिंडर कायले पाह्यजे?"

"कढईतलं तेल पेटलं त त्याच्यावर पाणी टाकून पाह्य एकदा. मंग सांग मले."

शाळेत मी गेलेच नाही, हे मला चुलीनं शिकवलं.

मग आम्ही तिघं शेलूबाजारला गेलो. दुकानदारानं आधी पाण्याचाच सिलिंडर दाखवला. मी म्हटलं, "बाप्पा, पाणी आमच्या इथं धरणभर हाय. पेट्रोलच्या आगीवर चालणारा दे." तो हसला अन् पावडरचा काढला. पोराला मोठाच पाहिजे होता. मी तो सुनेच्या हाती दिला, म्हटलं एका हातानं उचल. उचलेना. मग लहान घेतला, वरचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते पाहून. इंजिनजवळ नाही टांगू दिला. पुढं सून बसते तिथं टांगला. आग लागणार इंजिनला, मग सिलिंडर काय जाळात हात घालून काढायचा?

एवढी शहाणी मी! अन् दसऱ्याला जाळं, वल्हं, इंजिन, सगळं पुजलं, तसं सिलिंडरलाही कुंकू लावलं अन् मुठीला लाल धागा बांधला. सात वेढे, वर गाठ. त्या मुठीतच पिन असते. ती ओढल्याशिवाय पावडर निघत नाही.

दोन-चार दिवसांनी, काठापासून हाकेवर, पोरगा गरम इंजिनात पेट्रोल ओतत होता. भडका झाला. सुनेनं सिलिंडर उचलला, पिन ओढली, तर हलेना. मी काठावरून ओरडून राह्यली, "धागा तोड, धागा!" तिनं दातानं तोडला. पांढरी पावडर उडाली, आग बसली. पोराच्या हातावरचे केस जळाले, तेवढंच.

वल्हं मारत दोघं काठाला आले. सुनेच्या ओठाला कुंकू लागलेलं. म्हणे, "आई, तुमची गाठ लय पक्की असते."

सिलिंडर पुन्हा भरून आणला. यंदा दसऱ्याला त्याच्या बुडाशी कुंकवाचं एक बोट लावलं. धागा वल्ह्याला बांधला.